मॅशअप : संयोग, संकेत आणि संमती

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात संगणकांच्या जाळ्यावर एक नवा रचनाप्रकार उदयास आला. एका संस्थेचा नकाशा घ्यावा, दुसऱ्या संस्थेजवळील माहिती घ्यावी, आणि दोहोंच्या संयोगातून त्या संस्थांपैकी एकीनेही न योजिलेले असे तिसरेच साधन सिद्ध करावे, असे त्याचे स्वरूप होते. त्यास ‘मॅशअप’ हे नाव पडले. या प्रकाराचा इतिहास बहुधा तंत्राच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तथापि त्याच्या उदयाची आणि ऱ्हासाची कारणे केवळ तंत्रात शोधून सापडत नाहीत. ती संमतीच्या प्रश्नात सापडतात. दुसऱ्याची सामग्री वापरण्याची मुभा कोणी दिली, कोणत्या अटींवर दिली, आणि ती परत घेण्याचा अधिकार कोणाकडे राहिला, या तीन प्रश्नांच्या अनुरोधाने प्रस्तुत लेखात या इतिहासाचा विचार केला आहे.

१. शब्द आणि त्याचा अर्थ

‘मॅशअप’ हा शब्द संगणकाच्या क्षेत्रात संगीताच्या क्षेत्रातून आला. जमैकाच्या बोलीत मोडतोड करणे, चुराडा करणे, या अर्थी तो रूढ होता. पुढे एका गीतातील गायन दुसऱ्या गीताच्या वाद्यसंगीतावर बसवून केलेल्या रचनेस तो लावण्यात येऊ लागला. २००४ साली डेंजर माउस या कलावंताने जे-झी याचे गायन आणि बीटल्सचे संगीत यांचा असा संयोग केला, तेव्हा बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क असलेल्या ईएमआय कंपनीने त्याच्या वितरणास हरकत घेतली. आणि २४ फेब्रुवारी २००४ रोजी अनेक संकेतस्थळांनी तो संग्रह निषेध म्हणून लोकांस खुला केला. अशा रीतीने विनासंमती उसनवारीची छटा या शब्दास आरंभापासूनच चिकटलेली होती.

दुसरा शब्द ‘एपीआय’. एका आज्ञावलीने दुसरीस कोणत्या रूपात प्रश्न विचारावा आणि उत्तर कोणत्या रूपात मिळेल, याविषयी आगाऊ ठरविलेला संकेत म्हणजे एपीआय होय. ईबे आणि सेल्सफोर्स यांनी २००० साली, ॲमेझॉनने २००२ साली आणि फ्लिकरने २००४ साली असे संकेत बाहेरील लोकांसाठी प्रसिद्ध केले. मॅशअपची साधने अशा प्रकारे आधीच जमत आली होती. परंतु या प्रकारास लोकप्रिय करणारी पहिली दोन उदाहरणे मात्र जाहीर संकेतावाचूनच निर्माण झाली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

२. इ. स. २००५

८ फेब्रुवारी २००५ रोजी गूगलने आपले नकाशे लोकांपुढे आणले. नकाशा काढणारी आज्ञावली वाचकाच्याच संगणकावर चालत असल्याने जाणत्यास ती उघडून पाहता येत असे. ड्रीमवर्क्स या ॲनिमेशनपट काढणाऱ्या संस्थेत काम करणारा पॉल रेडमाकर त्या सुमारास कॅलिफोर्नियात घर शोधत होता. भाड्याच्या घरांच्या जाहिराती क्रेगलिस्ट या संकेतस्थळावर नुसत्या यादीच्या रूपात असत; कोणते घर कोठे आहे, हे प्रत्येक वेळी निराळे शोधावे लागे. त्याने गूगलच्या आज्ञावलीचा उलगडा करून त्या जाहिराती नकाशावर मांडल्या. एप्रिल २००५ मध्ये प्रसिद्ध झालेले हे ‘हाउसिंगमॅप्स’ होय.

पुढच्याच महिन्यात पत्रकार आणि आज्ञावलीकार एड्रियन होलोवटी याने शिकागो शहरासाठी ‘शिकागोक्राइम’ निर्माण केले. शिकागोचे पोलीस खाते गुन्ह्यांच्या नोंदी आपल्या संकेतस्थळावर शोधण्याची सोय देत असे. त्याच नोंदी होलोवटीची आज्ञावली ठराविक काळाने उतरवून घेई. आणि गुन्ह्याचा प्रकार, रस्ता, तारीख व पोलीस-विभाग यांप्रमाणे त्या लावून नकाशावर दाखवी. नोंदी पूर्वीही सार्वजनिक होत्या. परंतु आपल्या वस्तीत काय घडते, हे सामान्य नागरिकास एका दृष्टिक्षेपात आता सहज कळू लागले.

यावर गूगलपुढे दोन मार्ग होते : प्रतिबंध करणे, अथवा जे चोरवाटेने चालले आहे त्यास राजमार्ग करून देणे. गूगलने दुसरा मार्ग पत्करला. २९ जून २००५ रोजी नकाशांचा अधिकृत एपीआय प्रसिद्ध झाला. पुढे रेडमाकरलाही गूगलने आपल्या सेवेत घेतले. त्याच वर्षी अशा संकेतांची आणि मॅशअपांची सूची करणारे ‘प्रोग्रॅमेबलवेब’ सुरू झाले. फेब्रुवारी २००७ मध्ये याहूने ‘पाइप्स’ हे साधन काढून, आज्ञावली न लिहिता केवळ चौकटी जोडून माहितीचे प्रवाह एकत्र करण्याची सोय केली. मुभा मिळाली होती. ती देणाऱ्याच्या अटींवर मिळाली होती, याकडे मात्र त्या उत्साहात फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

३. सांधा

दोन भिन्न संग्रह जोडावयाचे तर दोहोंत समान असे एक पद असावे लागते. आरंभीच्या बहुतेक मॅशअपांत हे पद म्हणजे स्थळ होते. परंतु जाहिरातीत अथवा पोलिसांच्या नोंदीत स्थळ शब्दांत लिहिलेले असते, आणि नकाशास अक्षांश-रेखांश हवे असतात. शब्दाचे अंकांत रूपांतर करणारी ही पायरी सर्वांत नाजूक होय. २००९ साली लॉस एंजेलिसच्या पोलिसांच्या सार्वजनिक नकाशावर नगरभवनाजवळच्या एकाच जागी गुन्ह्यांची विलक्षण गर्दी झालेली आढळली. ज्या पत्त्यांचा अर्थ यंत्रास लागत नव्हता, ते सर्व यंत्र शहराच्या त्या मध्यबिंदूवर टाकीत होते. अज्ञान कबूल करण्याऐवजी यंत्राने निश्चित उत्तर दिले. आणि ती माहिती पुढे ज्यांनी वापरली, त्यांच्याकडे ही चूकही गेली.

मराठी प्रदेशात हा प्रश्न अधिकच बिकट होतो. मुंबईतील शीव इंग्रजीत सायन होते. ठाण्याचे जुने इंग्रजी रूप थाना असे होते. केवळ अक्षरे ताडून पाहणाऱ्या यंत्रास ही एकाच स्थळाची दोन नावे आहेत, हे समजण्याचा मार्ग नसतो. २०१२ साली सुरू झालेल्या विकिडेटाने प्रत्येक वस्तूस एक क्रमांक देऊन मराठीसह अनेक भाषांतील नावे त्यास जोडण्याची जी पद्धत स्वीकारली, तिचे महत्त्व या दृष्टीने मोठे आहे.

४. केनिया आणि हैती

हा प्रकार केवळ सोयीपुरता नव्हता, हे केनियातील घटनांनी दाखविले. २७ डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर तेथे हिंसाचार उसळला, आणि शासनाने थेट प्रक्षेपणावर बंदी घातली. ओरी ओकोलोह या वकील महिलेच्या आवाहनावरून जानेवारी २००८ मध्ये काही थोड्या लोकांनी ‘उशाहिदी’ उभारले. स्वाहिली भाषेत या शब्दाचा अर्थ साक्ष असा होतो. नागरिकांनी भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशांनी आणि ईमेलने कळविलेल्या घटना गूगलच्या नकाशावर नोंदल्या जात.

१२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर हैतीत हीच आज्ञावली उपयोगी पडली. ४६३६ या क्रमांकावर येणारे संदेश बहुतांशी हैतीयन क्रेओल भाषेत असत, आणि मदतकार्यातील अनेक परदेशी लोकांस ती येत नसे. परदेशी राहणाऱ्या हैतीयन लोकांनी त्यांची भाषांतरे केली, आणि स्थानिक ज्ञानाच्या बळावर स्थळेही ओळखली. दुसरीकडे, पोर्ट-ओ-प्रिन्सचा तपशीलवार नकाशा उपलब्ध नसल्याने ओपनस्ट्रीटमॅपच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून तो काढला. येथे संयोग दोन यंत्रांचा होता, तितकाच भाषा जाणणाऱ्या माणसांचाही होता.

५. मुभेचा संकोच

फुकट मिळालेली मुभा पुढे आक्रसत गेली. २०१२ सालापासून गूगलने नकाशांच्या विनामूल्य वापरास दिवसाला २५,००० ही मर्यादा घातली, आणि २०१८ साली दरांची रचना बदलून प्रत्येक वापरणाऱ्यास देयक-खाते उघडणे भाग पाडले. पाइप्स ३० सप्टेंबर २०१५ रोजी बंद झाले. २०२३ साली ट्विटरने आपल्या एपीआयचा पूर्वीचा विनामूल्य प्रवेश काढून घेतला, आणि मॅशअपांची सूची ठेवणारे प्रोग्रॅमेबलवेबही त्याच वर्षी लोपले.

क्रेगलिस्टचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. २००५ साली तेथील जाहिराती नकाशावर मांडणाऱ्याचे कौतुक झाले. २०१२ साली जवळजवळ तेच काम करणाऱ्या पॅडमॅपरवर, आणि त्यास माहिती पुरविणाऱ्या थ्रीटॅप्सवर, क्रेगलिस्टने न्यायालयात दावा लावला. २०१५ साली तडजोड झाली आणि थ्रीटॅप्सचे काम थांबले. कृती तीच होती. संमती मात्र राहिली नव्हती.

६. उपसंहार

भाषेतील शब्दही संकेतानेच अर्थवान होतो. परंतु तो संकेत समाजाचा असतो. कोणी एक व्यक्ती उद्यापासून ‘पाणी’ या शब्दाचा वापर बंद करू शकत नाही. एपीआय हा संकेत एकपक्षी आहे. तो एक ठरवितो, हजारो पाळतात, आणि ठरविणारा तो एका सूचनेने मागे घेऊ शकतो. मॅशअपांचा ऱ्हास या विषमतेतून समजून घ्यावा लागतो.

यास अपवादही आहेत, आणि ते मार्गदर्शक आहेत. स्टीव्ह कोस्टने २००४ साली ब्रिटनमध्ये आरंभिलेल्या ओपनस्ट्रीटमॅपचा परवाना असा आहे की, श्रेय देऊन आणि अटी पाळून कोणासही त्याची माहिती वापरता येते. गूगलच्या नव्या दरांनंतर २०१२ साली फोरस्क्वेअरने याच माहितीवर आधारलेल्या नकाशांचा आश्रय घेतला. शिकागो नगरशासनाने २०११ साली २००१ पासूनच्या गुन्ह्यांच्या नोंदी स्वतःच खुल्या केल्या. होलोवटीला जे उतरवून घ्यावे लागले, ते आता नागरिकास हक्काने मिळू लागले. भारत शासनानेही २०१२ साली शासकीय माहिती खुली करण्याचे धोरण जाहीर केले.

होलोवटीने शिकागोक्राइमच्या अनुभवावर उभारलेले ‘एव्हरीब्लॉक’ २०१३ साली त्याच्या नव्या मालकांनी बंद केले, आणि पुढील वर्षी ते शिकागोत पुन्हा सुरू झाले तरी टिकले नाही. शिकागोच्या नोंदी मात्र आजही खुल्या आहेत. साधने येतात व जातात. सामग्री सर्वांची असेल तर ती पुन्हा उभारता येतात. यास्तव सार्वजनिक माहितीचा विचार करताना ती दिसते किंवा नाही एवढेच पाहून भागत नाही. तिच्यावरील हक्क कोणाचा, हे प्रथम पाहिले पाहिजे.