वाडा आणि बिऱ्हाडें

पुण्याच्या जुन्या पेठांतून हिंडणाऱ्या माणसास एखाद्या वाड्याचा दिंडी दरवाजा ओलांडतांच एक चमत्कारिक देखावा दिसत असे. समोर चौक, चौकाभोंवतीं नक्षीचे सागवानी खांब. परंतु खांबाखांबांमधली जागा फळ्या ठोकून बंद केलेली, प्रत्येक फळीच्या भिंतीस एक दार आणि प्रत्येक दारास निराळें कुलूप. एकाच छपराखालीं दहा-बारा चुली पेटत. वाडा बांधणारानें चूल योजिली होती ती एकच. त्या एकीच्या दहा-बारा कशा झाल्या, हाहि पुण्याच्या गेल्या दोनशें वर्षांच्या इतिहासाचा एक भाग आहे. लढायांच्या आणि तहांच्या हकीकतींत त्यास सहसा जागा मिळत नाहीं, इतकेंच.

शनिवारवाड्याचा पाया १७३० सालीं घातला गेला. त्यानंतर पेशवाई संपेपर्यंत सरदार, सावकार, भिक्षुक आणि कारकून यांनीं आपापल्या ऐपतीप्रमाणें वाडे उभारले. रस्त्याकडे जवळजवळ आंधळी भिंत. आंत शिरतांच देवडी. मग पहिला चौक, त्याभोंवतीं सोपा आणि वर दिवाणखाना. दुसऱ्या चौकाभोंवतीं माजघर, देवघर, स्वयंपाकघर. मागें परसदार, आड व गोठा. बड्यांच्या वाड्यास पागा असे, हौद असे, आणि कांहींच्या हौदांस कात्रजच्या तलावाचें पाणी नळानें येई. उजेड आणि वारा रस्त्यावरून नव्हे, तर चौकांतून घरांत येत. हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे, कारण पुढें जें बिघडलें तें येथेंच बिघडलें.

१८१८ सालीं पेशवाई गेली. दरबार गेला म्हणजे नुसता थाट गेला असें नव्हे. शिलेदारांचे पगार गेले, कारकुनांचीं कामें गेलीं, सावकारांचीं कुळें बुडालीं. उरलेल्या इनामांवर १८५२ च्या कायद्यानें अधिकार मिळालेल्या इनाम कमिशनची नजर वळली आणि ज्यांना सनदा दाखवितां आल्या नाहींत त्यांचीं उत्पन्नें खालसा होऊं लागलीं. वाडा मात्र जागच्या जागीं राहिला. वाडा म्हणजे नुसती मालमत्ता नव्हे, ती एक खाणारी आसामी आहे. दर पावसाळ्यापूर्वीं तो शाकारावा लागतो, तुळयांना वाळवी लागते, मातीच्या भिंती ओल धरतात. उत्पन्न नाहीं आणि खर्च चुकत नाहीं, अशा कात्रींत सांपडलेल्या घरमालकानें आपल्या रिकाम्या जागेकडे पाहिलें, यांत नवल नाहीं.

घेणारेहि तयार होते. १८५८ सालीं खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत आगगाडी सुरू झाली आणि १८६३ त बोरघाट पार झाल्यावर मुंबई-पुणें हा एका दिवसाचा प्रवास झाला. सरकारी कचेऱ्या वाढल्या. १८८० त न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८५ त फर्ग्युसन कॉलेज निघालें, त्याबरोबर कोंकणांतून व देशावरून विद्यार्थ्यांचा लोंढा लागला. कारकून, शिक्षक, वकील, पेन्शनर या साऱ्यांना घर नको होतें, बिऱ्हाड हवें होतें. याची प्रतिष्ठाहि कोणास कमी वाटत नसे. खुद्द लोकमान्य टिळकांचें बिऱ्हाड कित्येक वर्षें सरदार विंचूरकरांच्या वाड्यांत होतें. १९०५ च्या सुमारास ते गायकवाड वाड्यांत राहावयास गेले.

वाड्यांत बिऱ्हाडें वाढविण्याची एक ठराविक रीत पडून गेली. पहिला बळी पागेचा. घोडीं गेलेलींच होतीं. कोबा केला आणि मधें एक भिंत घातली कीं दोन बिऱ्हाडांची सोय झाली. नंतर रस्त्याकडेची आंधळी भिंत फोडून देवडीच्या बाजूस दुकानाचा गाळा निघे. याचें भाडें सर्वांत चांगलें आणि भाडेकऱ्याचा पाय घरांत पडत नाहीं हा वर फायदा. मग पाळी माडीची. तिला बाहेरून लांकडी जिना लावीत, कारण परक्या माणसानें माजघरांतून वर जावें हें घरच्या बायकांना कसें चालणार? सोप्याचे खण त्यानंतर गेले. दोन खांबांमधला एक खण म्हणजे एक खोली, हा हिशेब इतका रूढ झाला कीं, लोक आपलें घर 'दोन खण' किंवा 'तीन खण' असें मोजूनच सांगूं लागले. शेवटीं परसदारीं, आडाच्या बाजूस, पत्र्याच्या खोल्या उठल्या. त्या उन्हाळ्यांत तापत आणि पावसाळ्यांत त्यांत एकमेकांचें बोलणें ऐकूं येत नसे.

वाढलें नाहीं तें पाणी, आणि वाढले नाहींत ते संडास. एका कुटुंबासाठीं जी सोय होती तीच दहा कुटुंबांनीं वांटून घ्यावयाची होती. पहाटे नळावर नंबर लावणें आणि त्यावरून भांडणें हा वाड्यांतील दिनक्रम याच गणितांतून निघाला. त्यांत सोंवळ्या-ओंवळ्याची भर. अनेक घरमालक आपल्याच जातींतील बिऱ्हाडकरू पाहून घेत. भाड्याची पाटी लागली तरी ती सर्वांसाठीं नसे. वाड्यांतील घरोब्याच्या गोड आठवणी सांगणारे पुष्कळ आहेत, आणि त्या खोट्या नाहींत. एकीच्या घरची आमटी दुसरीकडे जाई, चौकांत भोंडला होई, एका घरचें आजारपण दहा घरें काढीत. परंतु ज्यांना त्या दारांतून आंत येतांच आलें नाहीं त्यांची आठवण यांत कोठें नसते.

घरमालक म्हटला कीं एक लोभी गृहस्थ डोळ्यांपुढें आणण्याची संवय झाली आहे. ती सर्वस्वीं न्यायाची नाहीं. एकत्र कुटुंबांत वांटण्या होत गेल्या तसा एकेका भावाच्या वांट्यास वाड्याचा एकेक कोपरा आला. आणि एखाद्या विधवेचा चरितार्थ तीन-चार बिऱ्हाडांच्या भाड्यावरच चाले. तिच्या दृष्टीनें परसांतील नवी खोली म्हणजे मुलाची फी होती. खोली काढतांना चौकाचा उजेड किती अडतो हें मोजावयास तिला सवड नव्हती, आणि मोजून सांगणारें कोणी नव्हतें.

तें सांगितलें प्लेगनें. १८९७ सालीं पुण्यांत सांथ भडकली तेव्हां अंधाऱ्या खोल्यांत ऊन यावें म्हणून कौलें काढलेलीं घरें लोकांनीं पाहिलीं. सोजिरांच्या झडत्यांनीं शहर संतापलें, आणि तो संताप योग्यच होता. पण ज्या खोल्यांत दिवसा दिवा लावावा लागे त्या खोल्या सोजिरांनीं बांधलेल्या नव्हत्या. मुंबईंत तर प्रकार याहून मोठा. तेथील चाळ ही मुळांतच भाड्यासाठीं जन्मलेली वास्तु. मालक तिच्यावर मजल्यावर मजला चढवीत जाई. प्लेगनंतर १८९८ सालीं निघालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनें साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम पुढें आणला. त्याचा व्यावहारिक अर्थ असा कीं, खोलीसमोर जितकी मोकळी जागा असेल तिच्या सुमारें दुपटीहून समोरची इमारत उंच नसावी. पुण्याच्या वाड्यांतील पुष्कळशा परसदारच्या खोल्या या कसोटीस मुळींच उतरल्या नसत्या.

भाड्याचा इतिहास यानंतर कायद्याच्या हातीं गेला. पहिल्या महायुद्धांत जागेची टंचाई झाली तेव्हां १९१८ सालीं मुंबई इलाख्यांत भाडेवाढीस पहिला लगाम बसला. दुसऱ्या युद्धांत तो पुन्हां आंवळला गेला, आणि १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा १३ फेब्रुवारी १९४८ पासून अंमलांत आला. १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें असेल तें प्रमाण भाडें. जागा त्यानंतर प्रथम भाड्यानें दिली असेल, तर पहिल्यानें जें ठरलें तें. भाडेकऱ्यास याची नितांत गरज होती. युद्धाच्या महागाईंत कारकुनाचें बिऱ्हाड रस्त्यावर आलें नाहीं, याचें श्रेय या कायद्यास दिलेंच पाहिजे. पण तात्पुरता म्हणून आलेला उपाय पन्नास वर्षें मुक्कामास राहिला. समजा, १९४० सालीं दोन खणांचें भाडें सहा रुपये होतें. करवाढीपुरती मिळणारी किरकोळ वाढ सोडली तर तें जवळजवळ सहाच राहिलें, आणि तेवढ्यांत गवंड्याचा एक दिवसहि निघेनासा झाला. मालकानें दुरुस्ती सोडली. भाडेकऱ्यानें, जागा आपली नाहीं म्हणून, तिला हात लावला नाहीं. तुळईखालीं टेकू आले. उघड भाडें वाढेना तेव्हां पागडी आडमार्गानें शिरली. नवी खोली काढून भाड्यानें देण्यांतहि राम उरला नाहीं. बांधणारे मालकीचे फ्लॅट विकूं लागले आणि १९६३ सालीं महाराष्ट्रास त्यासाठीं निराळा कायदा करावा लागला.

१२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें. नदीकांठच्या पेठांतील मातीच्या भिंतींचे जुने वाडे पाण्यांत विरघळल्यासारखे बसले आणि एकेका वाड्याबरोबर कित्येक बिऱ्हाडें उघडीं पडलीं. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें गोठलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघांत अन्यायाच्या झाल्याचें म्हटलें. त्यानंतरचा १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यानें वर्षास शेंकडा चार टक्के वाढ दिली आणि पागडी कायदेशीर केली. तोंवर बहुतेक मालकांचें लक्ष भाड्यावरून उडून जमिनीच्या किंमतीवर गेलें होतें. वाडा पाडावयाचा, बिऱ्हाडकऱ्यांना त्याच जागीं लहान लहान फ्लॅट द्यावयाचे, उरलेले विकावयाचे, असा सौदा पेठोपेठीं होत गेला. अशा इमारतींतून कित्येकदां जुन्या वाड्याचें नांव तेवढें दारावर राहिलें आहे, आणि तळमजल्यावर, जेथें चौक होता तेथें, मोटारी उभ्या असतात.