चंदी आणि काड

दिवाळीच्या चार दिवसांत घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येते : "घ्या हो अजून एक लाडू, सणाचा दिवस आहे!" वाढणाऱ्याच्या हातात प्रेम असते; खाणाऱ्याच्या पोटाचा विचार त्या क्षणी कोणी करीत नाही. माणसाला निदान ताटावर आडवा हात तरी धरता येतो. घोड्याला तेही साधत नाही. धन्याने तोबऱ्यात जे घातले ते तो मुकाट्याने खातो आणि त्या प्रेमाची किंमत आपल्या खुरांनी मोजतो. इतिहासाने घोड्यांच्या दौडी पुष्कळ वर्णिल्या; पण त्यांच्या पुढ्यात काय पडत होते, याची हकीकतही तितकीच बोधप्रद आहे.

आधी त्याच्या पोटाची गोष्ट. घोडा गाईसारखा रवंथ करीत नाही. एवढ्या थोरल्या देहाला जठर मात्र आठ ते पंधरा लिटरांचे. त्यात आम्ल अखंड पाझरत असते, आणि त्याला आवर घालणारी लाळ चघळू लागल्यावरच सुटते. म्हणूनच मोकळा घोडा दिवसाचा बहुतेक वेळ थोडेथोडे चरत असतो. जाडेभरडे गवत पचते ते पुढे, मोठ्या आतड्यांत. तेथे कोट्यवधी सूक्ष्मजीव ते आंबवून त्याचे बळ करतात. दाणा फार झाला की तो न पचताच तेथे जाऊन पोहोचतो. मग सारा कारखाना बिघडतो, आणि आश्चर्य असे की पोटातला हा बिघाड पायांत उतरतो! खुरांच्या आत दाह होतो, घोडा जागचा हलत नाही. हे दुखणे जुने आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफन याने अश्वविद्येवरील आपल्या ग्रंथात अतिखाण्याच्या एका विकाराचा उल्लेख केला आहे. त्या विकाराचे ग्रीक नावच मुळी जवावरून पडलेले आहे.

आता तेराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेतल्या माबरच्या, म्हणजे तामिळ किनाऱ्याच्या प्रदेशात येऊ. होर्मुझ, एडन अशा बंदरांतून तेथे दरसाल हजारो घोडे गलबतांतून उतरत. राजे त्यांवर सोने ओतत. आणि मार्को पोलो सांगतो की वर्ष सरता सरता त्यांतले फारच थोडे जिवंत उरत. त्यांना मांसाबरोबर शिजवलेला भात चारीत, असे तो लिहितो. वस्साफ हा इराणी इतिहासकारही तीच तक्रार करतो : भाजलेले जव, लोण्यात शिजवलेले धान्य, वर तापवलेले गाईचे दूध, आणि दावणीला जखडून ठेवणे. हवामानाचा दोष असेलच. पण मेजवानीचा वाटाही लहान नसावा. ज्या अरबस्तानातून आणि इराणातून हे घोडे येत, तेथे त्यांचा खुराक काय होता? जव, आणि त्याच्याबरोबर धान्य मळून उरलेले, बारीक केलेले काड!

काड म्हणजे दाणा काढून घेतल्यावर उरलेली धाटे. गव्हाचे असो वा जवाचे, त्यात सत्त्व थोडे आणि चावणे फार. हाच त्याचा गुण. विलायतेतले जुने मोतद्दारही दाण्यात चिरलेले काड मिसळीत, ते याचसाठी, की घोड्याने दाणा गिळू नये, चावून खावा. इकडे अकबराच्या खाशा घोड्यांना दाण्याबरोबर तूप आणि साखरही मिळे, असे 'आईन-इ-अकबरी'त नमूद आहे. दोन्ही गोष्टी इतिहासात शेजारी शेजारी उभ्या आहेत : एक वैभवाची, एक शहाणपणाची.

आपल्या भीमथडीच्या तट्टांच्या नशिबी तूपसाखर कोठली? त्यांचा पिंड पोसला तो गवतावर आणि कडब्यावर. पण हा चारा मराठी राज्याला क्षुल्लक वाटत नव्हता. १६७४ च्या राज्याभिषेकापूर्वी शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतील अंमलदारांना पाठवलेले पत्र प्रसिद्धच आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आताच मनमानेल तशी उधळाल, तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारलीत असे होईल. मग तुम्ही कुणब्यांचे धान्य आणि गवत ओढून आणाल, आणि त्यांना तुम्ही मोगलांहून वाईट वाटाल, असे महाराज बजावतात. रात्री दिवा जळता राहिला तर उंदीर वात पळवतील आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथवर त्यांची नजर पोहोचते. राज्य चालवणारा पुरुष गवताच्या काडीचा हिशेब मागतो, कारण त्या काडीत घोड्याचा जीव आणि रयतेची अब्रू दोन्ही गुंतलेली आहेत.

आज घोडदळे गेली. विलायतेत पुष्कळ घोडे आता हौसेपुरतेच पाळले जातात. काम थोडे, कुरण हिरवेगार, आणि घोडे लठ्ठ. तेव्हा संशोधकांनी पुन्हा त्या जुन्या काडाकडे वळून पाहिले. ब्रिटनमध्ये तट्टांना निम्मे गवत आणि निम्मे काड देऊन वजन उतरवता आले. स्वीडनमधल्या प्रयोगातही निम्मे काड घोड्यांना मानवले. घोडा तासन् तास चघळत राहतो, उपाशी राहत नाही आणि फुगतही नाही. पण अति तेथे माती. नुसतेच काड चारले तर जठरात व्रण होण्याचे भय असते, आणि सत्त्वाची उणीव पडते ती वेगळीच. काड कोरडे, स्वच्छ, बुरशी नसलेले हवे आणि हळूहळू वाढवायला हवे. दिवसभर ओझे वाहणाऱ्या हाडकुळ्या घोड्यापुढे मात्र नुसते काड टाकणे हा शुद्ध अन्याय; त्याला त्याच्या कष्टाची चंदी मिळालीच पाहिजे.

आणि म्हातारा घोडा? त्याचा प्रश्न निराळाच. घोड्याचे दात आयुष्यभर झिजतात आणि झिजेल तेवढे वर सरकत राहतात. विशीच्या पुढे केव्हातरी ती पुंजी संपते. मग तो गवताचा घास चघळतो आणि त्याची गोळी करून तोंडातून खाली टाकतो. लिदीत लांब लांब धागे दिसू लागतात. अशा घोड्याला काड दिले तर ते आतड्यांत अडून प्राणावर बेतते. त्याला भिजवलेला, मऊ केलेला चाराच हवा. म्हातारा घोडा दिसायला लठ्ठ असला, तरी आधी त्याचे तोंड उघडून पाहावे, मग पुढ्यात काय टाकायचे ते ठरवावे.

मुक्या जनावरावर माया करणे सोपे आहे. मूठ भरली की झाली. त्याचे दात, त्याचे पोट आणि त्याचे कष्ट पाहून मूठ भरणे कठीण. माबरच्या राजांपाशी सोने होते, चिपळूणच्या पत्रात ही नजर होती. घोडे कोणाचे जगले असतील, हे वेगळे सांगायला नको.