भयाचा मुखवटा आणि बालप्रेक्षक

लहान मुलांना भुताखेतांचा रहस्यपट दाखवावा की नाही, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती शिस्तीचा वाटतो. वस्तुतः तो रसविचाराचा आहे. भयाच्या प्रतीतीचे विवेचन करताना अभिनवगुप्ताने शाकुंतलातील पळणाऱ्या हरणाचे उदाहरण घेतले. ते भय ना केवळ हरणाचे राहते, ना प्रेक्षकाचे. ते साधारणीकृत होते आणि म्हणूनच आस्वाद्य ठरते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला हे अंतर पुरते साधलेले नसते. ते राखण्याची जबाबदारी मग कलाकृतीच्या रूपबंधावर येते.

मराठी बालरंगभूमीने ती हास्यावर सोपविली. रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’मधील चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी रंगविली. पुरुष नटाने घेतलेले ते सोंग मुलांना सोंग म्हणूनच दिसत होते. प्रौढांसाठी अस्वस्थ करणाऱ्या गूढकथा लिहिणाऱ्या लेखकाने बालनाट्यात भयाची ही मर्यादा पाळावी, हे लक्षणीय आहे.

अमेरिकी ॲनिमेशनने दुसरा मार्ग काढला. १९६९ साली दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘स्कूबी-डू’ मालिकेत भुताचा मुखवटा अखेरीस ओढला जाई आणि आत एखादा लोभी माणूस निघे. भयाचे निरसन येथे तर्काने होई. १९९८ साली थेट व्हिडिओफितीवर आलेल्या ‘स्कूबी-डू ऑन झॉम्बी आयलंड’ या चित्रपटाने हा संकेत मोडला. मुखवटा म्हणून ओढलेला चेहरा खराच निघतो. मात्र ही भेसूर प्रेते पूर्वीच्या बळींची असून ती आगंतुकांना सावध करू पाहतात. घातकी आहेत त्या आतिथ्यशील यजमान स्त्रिया. हे भय अधिक तीव्र आहे, पण त्याचा आशयही अधिक प्रगल्भ आहे.

प्रमाणनाची भाषा हा भेद टिपू शकत नाही. २०१६ साली ‘द जंगल बुक’ला ‘यूए’ श्रेणी मिळाली, तेव्हा त्रिमितीय दृश्ये मुलांना भिववतील, असे कारण मंडळाच्या तत्कालीन अध्यक्षांनी दिले. तेथे मोजली गेली ती भयाची मात्रा. त्याचा अर्थ नव्हे. २०२३ च्या कायदादुरुस्तीने ‘यूए’चे ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन विभाग केले. तथापि ही वयोमर्यादा पालकांच्या मार्गदर्शनापुरती आहे; तिची अंमलबजावणी पालकांखेरीज कोणी करू शकत नाही.

कायद्याने गृहीत धरलेला हा पालक घरात असतो काय? निर्वासितांच्या छावण्यांतून उभे राहिलेले उल्हासनगर, कारखान्यांभोवती वाढलेले अंबरनाथ आणि नोकरदारांच्या वस्तीने विस्तारलेले बदलापूर या शहरांतील असंख्य पालक पहाटेच्या लोकलने मुंबई गाठतात व रात्री परततात. दरम्यान पडद्यासमोर मूल एकटे असते. याच बदलापुरात ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याच्या तक्रारीनंतर क्षुब्ध नागरिकांनी लोहमार्ग रोखला. त्या दुःखाचे ओझे एखाद्या चित्रपटावर लादणे अनुचित ठरेल. पण धोका नेहमी भेसूर चेहऱ्यानेच येतो, ही समजूत किती अपुरी आहे, हे त्या घटनेने दाखविले.

म्हणून चित्रपट किती भिववतो, एवढेच विचारून भागत नाही. तो कोणाचे भय बाळगायला शिकवतो आणि ते सोसताना मुलाशेजारी कोण बसलेले असते, हे दोन प्रश्न त्याआधी विचारावे लागतात. पहिल्याचे उत्तर समीक्षेने द्यावयाचे आहे. दुसऱ्याचे देणे समीक्षेच्या हाती नाही.