गझल : अधाशी पिण्याचे इंग्रजी क्रियापद

गझल (इंग्रजी क्रियापद). पाणी, बिअर, सरबत, क्वचित अन्नही, श्वास न घेता अधाशासारखे घशाखाली लोटणे. देवनागरीत हा शब्द काव्यप्रकारासारखाच दिसतो. पण ती गझल अरबी-फारसीतून आली, आणि या क्रियापदाचे तिच्याशी काही नाते नाही.

इंग्रजी लेखनात हा शब्द सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आढळतो. त्याच्या व्युत्पत्तीवर एकमत नाही. जुन्या फ्रेंचमधल्या घसा या अर्थाच्या 'गोझिए' शब्दाशी त्याचे नाते जोडले जाते. इंग्लंडच्या काही बोलींत हाच शब्द नाम म्हणून येतो आणि त्याचा अर्थ होतो मोरी किंवा गटार. माणसाचा घसा आणि घरामागची मोरी एकाच शब्दात बसली, की पिणाऱ्याबद्दलचा तिटकारा वेगळा सांगावा लागत नाही. याच अर्थाचा 'स्विल' मुळात धुणे, विसळणे या अर्थाचा. पुढे डुकरांपुढे ओतायच्या खरकट्यालाही तेच नाव मिळाले. 'गल्प' मात्र डच भाषेच्या बाजूने आलेला, निव्वळ आवाजावरून घडलेला.

विसाव्या शतकात हा शब्द मोटारींना चिकटला. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने गॅलनला 22.5 मैलांपेक्षा कमी धावणाऱ्या नव्या मोटारींवर कर बसवला आणि त्या कराच्या नावातच 'गझलर' आला. मराठीला हे नवे नाही. आपल्याकडेही गाडी पेट्रोल 'पिते'.

मराठीत या एका शब्दाचे काम अनेक शब्द वाटून घेतात. तहानलेला माणूस पाणी घटाघटा किंवा गटागटा पितो. त्यात दोष नाही, केवळ घशाचा आवाज आहे. दारू ढोसतात, झोकतात, पेले रिचवतात. 'ढोसणे' आले की बोलणाऱ्याची नापसंती उघड होते, आणि ती चहालाही लावता येते: 'दिवसभर नुसता चहा ढोसतोस.' आमटी ओरपतात, कढीचे भुरके मारतात. इंग्रजीत आवाज आणि निषेध एकाच शब्दात कोंबलेले आहेत. मराठीने ते वेगळे ठेवले. भाषांतर करताना हा फरक विसरला, की उन्हातून आलेले पोर पाणी 'ढोसू' लागते.

हुबळी-धारवाडात या शब्दांची गोष्ट आणखी रंगते. तिथे मराठी बोलणारे 'गटागटा पी' म्हणतात आणि कन्नड बोलणारे 'गटगट कुडी'. क्रियापदे वेगळी, भाषाकुळेही वेगळी, एक आर्य आणि एक द्राविडी. पण ताकाचा पेला रिकामा होतानाचा आवाज दोन्हीकडे एकच. मराठीतल्या 'घुटक्या'शेजारी कन्नडचा 'गुटुकु' ठेवला, की अर्थही जुळतो आणि उच्चारही जवळ येतो. कुणी कुणाकडून घेतले, हा वाद इथे व्यर्थ आहे. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने 1969 मध्ये भारतातल्या ध्वन्यनुकारी शब्दांवर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात हेच दाखवले: असे शब्द आर्य आणि द्राविडी भाषांची सामाईक मिळकत आहेत.

अशा शब्दांची दखल घेणारे कोशकारही याच दोन भाषांना लाभले. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची (1831, दुसरी आवृत्ती 1857) पाने ध्वन्यनुकारी शब्दांनी भरलेली आहेत. बासेल मिशनचा जर्मन पाद्री फर्डिनांड किटेल 1853 मध्ये भारतात आला, धारवाड भागात राहून कन्नड शिकला आणि 1894 मध्ये मंगळूरहून त्याचा कन्नड-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 70,000 शब्द आहेत.

धारवाड हे भाषांच्या सीमेवरचे गाव नव्हे, भाषांच्या सरमिसळीचे गाव आहे. घरी मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे इथेच कन्नडचे महाकवी झाले आणि 1973 मध्ये ज्ञानपीठाचे मानकरी ठरले. मराठी कथाकार जी. ए. कुलकर्णी इथल्याच महाविद्यालयात इंग्रजी शिकवत. तीन भाषा एका घरात नांदणाऱ्या या गावात खाण्यापिण्याचे असे कितीतरी शब्द आजही फक्त जिभेवर आहेत, कोशात नाहीत. हुबळी-धारवाडच्या मराठी घरांनी आजी-आजोबांच्या तोंडचे ते शब्द, ज्या वाक्यात ऐकले त्या वाक्यासकट, आजच लिहून ठेवावेत.