हैदराबादची भूल

मराठीत 'भूल' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. भूल पडते तेव्हा माणूस फसतो. भूल देतात तेव्हा त्याची शुद्ध हरपते. हैदराबादच्या क्लोरोफॉर्म आयोगांचा इतिहास वाचताना हे दोन्ही अर्थ एकत्र नांदताना आम्हांला दिसले.

१८४६ साली बॉस्टनमध्ये ईथरचा जाहीर प्रयोग झाला. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म प्रचारात आणला. जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडात हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिला असता दगावली. वाद पेटला. आधी थांबते ते काय, श्वास की हृदय? लंडनचे डॉक्टर नाडीवर बोट ठेवा म्हणत; एडिंबरोचे सर्जन जेम्स साइम श्वासावर नजर ठेवा म्हणत.

साइम यांचे शिष्य एडवर्ड लॉरी हैदराबादच्या वैद्यकशाळेचे प्रमुख होते. या निजामी राज्यात तेव्हा आपला मराठवाडाही होता. १८८८ च्या पहिल्या आयोगाने कुत्र्यांवर प्रयोग करून गुरूचे मत खरे ठरविले. 'लॅन्सेट'ने शंका घेतली. तेव्हा निजाम सरकारने १००० पौंड देऊ केले आणि १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन लंडनहून आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष तोच निघाला: श्वास आधी थांबतो, हृदयाला थेट धोका नाही.

हा निष्कर्ष टिकला नाही. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखविले की भूल हलकी, अर्धवट असतानाही हृदयाची लय बिघडून अचानक मृत्यू येतो. हैदराबादची निरीक्षणे खोटी नव्हती. मात्रा वाढवीत नेल्यास श्वास आधी थांबतो, एवढे त्यांतून दिसत होते. मृत्यूची दुसरी वाट नाही, हे त्यांतून सिद्ध होत नव्हते. प्रश्न अपुरा असेल तर प्राण्यांची संख्या कितीही वाढविली तरी उत्तर पुरे होत नाही.

तरीही लॉरी यांना निव्वळ चुकीचे ठरविणे अन्यायाचे होईल. भूल देणाऱ्याने शस्त्रक्रियेकडे न पाहता रुग्णाच्या श्वासाकडेच पाहावे, ही त्यांची शिस्त मोलाची होती. त्यांच्या विद्यार्थिनी रूपाबाई फर्दुनजी यांची गणना जगातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञांत होते. हार्वर्डच्या रुग्णालयांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमांतही भूलतज्ज्ञाची अखंड उपस्थिती आवश्यक मानली गेली. आज ऑक्सिमीटर नाडी व रक्तातील प्राणवायू दाखवितो, कॅप्नोग्राफ श्वास दाखवितो. म्हणजे लंडन आणि एडिंबरो दोघेही रुग्णाच्या उशाशी आले आहेत. यंत्रांकडे पाहणारा माणूस मात्र अजूनही लागतोच.

आम्ही साहित्याचे अध्यापक. गुरूच्या मताला अनुकूल उदाहरणे गोळा करून त्यालाच संशोधन म्हणण्याचा मोह आमच्याही वाट्याला येतो. आमच्या प्रबंधांनी कोणी दगावत नाही, एवढाच काय तो फरक.