बागवान : नाव राहिले, बाग गेली

जामनेरच्या बाजारात केळी-पेरूच्या ढिगामागे बसलेल्या माणसाला आपण सहज बागवान म्हणतो. हा शब्द फारसी. त्याचा मूळ अर्थ फळे विकणारा असा नाही. बाग राखणारा, आळी करणारा, झाडांना पाणी देणारा असा आहे. आज खानदेशातील बागवान बिरादरी प्रामुख्याने फळे-भाजीपाल्याच्या व्यापारात दिसते. तराजू हाती आला, खुरपे सुटले.

या मुलखाला बागांची जुनी ओळख आहे. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि फारुकी सुलतानांचे खानदेश मोगलांकडे गेले. बुऱ्हाणपूर तेव्हा खानदेशची राजधानी होते. अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून त्या शहरात आणले गेले. ‘कुंडी भंडारा’ ही ती योजना. १६३१ मध्ये मुमताज महल बुऱ्हाणपुरात वारली, तेव्हा तिला प्रथम तापीपलीकडील झैनाबादच्या बागेत दफन केले होते. इतिहासात आपल्याला बेगम आणि सुभेदार भेटतात. त्या बागा जगवणारा बागवान क्वचितच भेटतो.

खरा लाभ मात्र त्याच्याच पदरी पडत असावा. युनानी वैद्यकात आरोग्याचे सहा आवश्यक आधार सांगितले आहेत: हवा, खाणेपिणे, शरीराची हालचाल व विश्रांती, मनाची हालचाल व विश्रांती, झोप व जागरण, आणि शरीराने राखणे व बाहेर टाकणे. इब्न सिना यांनी व्यायामाची व्याख्याच अशी केली की, श्वास खोल व जलद व्हावा अशी स्वेच्छेची हालचाल म्हणजे रियाजत. कुदळ मारणाऱ्याला ती वेगळी करावी लागत नाही. नेदरलँड्समध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात, ताण दिल्यानंतर तीस जणांपैकी काहींनी अर्धा तास बागकाम केले, काहींनी घरात वाचन केले. ताणाचे संप्रेरक कॉर्टिसॉल दोन्ही गटांत उतरले. पण बागकाम करणाऱ्यांत अधिक. मनाची प्रसन्नताही त्यांनाच परत मिळाली.

आज मधुमेह व रक्तदाब आपल्या मोहल्ल्यांत घरोघरी पोहोचले आहेत. जागा नाही, हे खरे. पण गच्चीवर चार डबे मावतात. खानदेशी ऊन कडक. म्हणून फजरनंतरची वेळ उत्तम. पुदिना, मेथी, एखादे वांग्याचे रोप एवढ्यानेही सुरुवात होते. झाड लावणे हा आपल्याकडे सदका मानला जातो. त्याचा पहिला हिस्सा लावणाऱ्याच्याच शरीराला मिळतो, एवढे आपण ध्यानात घ्यावे.