नऊ दिवसांतील तीन नावे

स्मृतिनगर हे नाव आम्ही नित्य पत्त्यात लिहितो. परंतु स्मृती जपणे हे कोणाचे काम, याचा विचार आमच्या हातून क्वचितच होतो. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळाच्या वाटचालीचा आढावा घेतला जात असता, आपल्या भोवतालच्या मुलखाच्या इतिहासाचेही एक पान या स्मरणिकेत असावे, असे आम्हांस वाटते.

भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत पेटली. तिला लागणारे लोहखनिज आले ते दल्लीराजहऱ्याच्या डोंगरांतून. त्या डोंगरांपलीकडे मानपूरचे अरण्य आहे, आणि तेच पुढे महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यात शिरते. मानपूरहून मुरूमगावास जाताना एक राज्य संपून दुसरे लागते, तरी जंगल तेच राहते. १९८० च्या सुमारास आंध्रातून आलेल्या नक्षलवादी दलमांनी या सलग जंगलाचा आश्रय घेतला. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला तो त्यानंतर, २६ ऑगस्ट १९८२ रोजी. पुढे १९९० मध्ये तेथील पोलिसांनी सी-६० हे पथक उभारले. त्यात मुख्यतः त्याच जिल्ह्यातील, तेथील बोली आणि पायवाटा जाणणारे तरुण घेतले गेले.

२००९ हे वर्ष या पट्ट्यास फार कठीण गेले. १ फेब्रुवारीस मरकेगाव येथे १५ पोलीस, २१ मे रोजी हत्तीगोटा येथे १६ पोलीस आणि ८ ऑक्टोबरला लाहेरीजवळ उपनिरीक्षक चंद्रशेखर देशमुख यांच्यासह १७ पोलीस धारातीर्थी पडले. सीमेच्या अलीकडे १२ जुलै रोजी मदनवाड्याच्या परिसरात राजनांदगावचे पोलीस अधीक्षक विनोदकुमार चौबे यांच्यासह २९ जणांना वीरमरण आले. चौबे यांना मरणोत्तर कीर्तिचक्र देण्यात आले.

त्यानंतर दशक उलटले, आणि २०२० चा मे महिना आला. साथीमुळे सारा देश घरात बसला होता. आपणही दारे लावून बसलो होतो. त्या काळातही जंगलातील पोलिसांची गस्त चालू होती. ८ मे रोजी रात्री मानपूर भागातील परधोनी गावाजवळ चकमक झडली. तीत चार नक्षलवादी ठार झाले आणि मदनवाड्याचे ठाणेदार, उपनिरीक्षक श्यामकिशोर शर्मा हे तरुण अधिकारी कामी आले. ते दूर उत्तरेकडील सरगुजा जिल्ह्यातून येथे नेमणुकीवर आलेले होते.

त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, १७ मे रोजी सकाळी, भामरागड तालुक्यातील पोयरकोठी-कोपर्शीच्या जंगलात दुसरी चकमक झाली. भामरागड म्हटले की मराठी माणसास १९७३ साली सुरू झालेला हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प आठवतो. तेथेच इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी या नद्यांचा संगम आहे, व इंद्रावतीपलीकडे आपले छत्तीसगड. या जंगलात उपनिरीक्षक धनाजी होनमाने आणि शिपाई किशोर आत्राम यांनी देह ठेवला. त्यांचे तीन सहकारी जखमी झाले. होनमाने पंढरपूर तालुक्यातील पुळूजवाडीचे. वय तिशीच्या आसपास. आत्राम गडचिरोली जिल्ह्याचेच पुत्र. एकजण भीमेकाठच्या उघड्या माळावरून आलेला, तर दुसरा त्याच रानात वाढलेला.

उपनिरीक्षक हा पोलीस दलातील अगदी पहिल्या पायरीवरचा अधिकारी. आज्ञा देणे हे जसे त्याचे काम, तसेच तुकडीबरोबर पायी चालणे हेही त्याचेच काम. रस्त्याने वाहनातून जावे तर सुरुंगाचे भय. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळ तशाच स्फोटात १५ पोलीस व त्यांच्या वाहनाचा चालक गेले होते. म्हणून गस्त रानातून पायी घालावयाची. अशा वेळी परमुलखातून आलेल्या अधिकाऱ्यास स्थानिक शिपायाचे डोळे आणि कान हाच आधार असतो. मृत्यूनंतर मात्र अधिकाऱ्याचे नाव मथळ्यात येते आणि शिपाई पुष्कळदा आकड्यात जमा होतो. आमच्या मते होनमाने यांचे नाव घेताना आत्राम यांचेही घेतले पाहिजे.

दुसरी एक गोष्ट आम्हां भिलाईकरांनाच विशेष उमगावी अशी आहे. शर्मा यांच्यासाठी छत्तीसगड हळहळले, होनमाने व आत्राम यांच्यासाठी महाराष्ट्र. जणू राज्याची सीमा शोकालाही लागू होती. आपण मराठी घरांत वाढून या भूमीचे अन्न खाणारी माणसे. दोन्हीकडची वार्ता आपल्याच घरी येते. मग ही तीन नावे एकत्र घेणे आपल्याला जितके सोपे, तितके दुसऱ्या कोणास असणार?

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी नक्षलवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती याने गडचिरोलीत सुमारे साठ साथीदारांसह शस्त्रे खाली ठेवली. ही मोठ्या समाधानाची घटना होय. परंतु भय सरले की ते कोणी झेलले हेही विसरले जाते, असा लोकव्यवहार आहे. लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे २१ ऑक्टोबर १९५९ रोजी चिनी सैन्याच्या गोळीबारात दहा पोलीस पडले. भिलाईची भट्टी पेटली त्याच वर्षीची ही घटना. तेव्हापासून तो दिवस देशभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. मंडळाने यापुढे दरवर्षी त्या दिवशी सभागृहात एक दिवा लावावा आणि मुलांकडून शर्मा, होनमाने व आत्राम ही तीन नावे मोठ्याने वाचून घ्यावीत, एवढीच आमची नम्र सूचना आहे.